कच्च्या मातीच्या खुणा

पूर्वी वेत्रवतीकाठच्या करंजनगरात राजा उदयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या कुळात जन्मले आणि वडिलांमागे घाणा चालवू लागले.

त्या काळी सीमेवर लढाई चालू होती. राज्यातली बहुतेक नाणी सैन्याच्या खर्चाला गेली. करंजनगरच्या बाजारात माल भरपूर होता, पण तो घ्यायला कोणाजवळ नाणे नव्हते. तेल्याचे तेल पडून, कुंभाराची मडकी पडून.

एके दिवशी सामा नावाची विधवा कोष्टीण घाण्यावर आली.

"दादा, माग विकायचाय. कोणी घेणारा असला तर सांगा."

"माग विकलास तर पुढे खाशील काय?"

"उरलीसुरली नाणी तेलात आणि मडक्यांत जातात. सुताचा व्यापारी परगावचा. तो नाण्याशिवाय सूत देत नाही. रिकामा माग ठेवून काय करू?"

"नाणी सुतासाठी राख. तेल माझ्याकडून ने."

"आणि तुम्हाला देऊ काय? पंचे तर तुमच्याकडे ढीगभर आहेत."

"मला मडकी हवीत. पंचा कुंभाराला हवा आहे," बोधिसत्त्व हसून म्हणाले.

मग त्यांच्या सांगण्यावरून कपिल कुंभाराने मातीच्या चपट्या खुणा घडवल्या. माल देणाऱ्याने खूण घ्यावी आणि ती देऊन बाजारात कोणाकडूनही हवे ते न्यावे, असे सर्वांनी ठरवले. गावातल्या मालाला खुणा, परगावच्या मालाला नाणी. कपिल खुणा भट्टीत ठेवू लागला, तेव्हा बोधिसत्त्वांनी त्याला थांबवले.

"अहो, कच्च्या राहिल्या तर ओल लागून चिखल होईल!"

"हातोहात फिरणाऱ्या खुणेला ओल लागत नाही, कपिला."

बाजार पुन्हा हलू लागला. सामाचा माग दिवसभर खटखटू लागला.

धान्याचा व्यापारी नंदक मात्र घराण्याची रीत सोडीना. हाती आले की हंड्यात आणि हंडा जमिनीत! तो धान्य देई, खुणा पुरून ठेवी, आणि स्वतः काहीच घेत नसे. बोधिसत्त्वांनी समजावले, तर म्हणाला, "मला काही लागत नाही." हळूहळू बाजारात खुणा दिसेनाशा झाल्या. सामाचे कापड पडून राहिले आणि ती पुन्हा मागाला गिऱ्हाईक शोधू लागली.

पावसाळ्यात जमिनीला ओल आली. नंदकाने हंडा उकरला, तर आत नुसता चिखल. तो हंडा घेऊन तसाच घाण्यावर आला.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!" घाण्यावर जमलेले लोक खो खो हसले. बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

"हसू नका," बोधिसत्त्व म्हणाले. "चिखल झाला तो मातीच्या खुणांचा. यांचं धान्य तर आपण सगळ्यांनी खाल्लंय. नंदकशेठ, तुम्हाला काय हवं ते मागा."

असे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते.

"एक पासोडी," तो हळूच म्हणाला. "थंडी फार वाजते."

तिथेच बसलेली सामा उठली. "माझ्या मागावरचीच देते."

"पण खूण?"

"दिलीत की, शेठ. हंडाभर!"

कपिलाने त्याच चिखलाच्या नव्या खुणा थापल्या. माग विकला गेला नाही.

जेतवन विहारात ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तेव्हाची सामा म्हणजे विहाराला चीवरे देणारी आजची उपासिका. कपिल म्हणजे आपली भिक्षापात्रे घडवणारा कुंभार. नंदक म्हणजे जादा चीवरे गाठोड्यात बांधून ठेवणारा, समोर बसलेला हा भिक्खू. आणि तेली मीच होतो. भिक्खूंनो, पुरून ठेवलेले कोणालाच पुरत नाही. फिरते ते सर्वांना पुरते. ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

तो भिक्खू उठला आणि गाठोडे आणायला गेला.