कोरा रकाना

समाजाचं मंडळ मुलामुलींना शिकायला मदत करायचं, पण अर्जात एक रकाना होता: 'पदवीनंतरचं अपेक्षित उत्पन्न'. खर्चापेक्षा ते कमी दिसलं की अर्ज बाद. उर्मिला खरोटेने चित्रकलेच्या पदवीसाठी अर्ज केला आणि तो रकाना कोरा सोडला. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर तिची जागा जाणार होती.

"फी चार लाख आणि कमाई कोरी!" मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष तात्यासाहेब धामणे समोर उभ्या उर्मिलाला म्हणाले. "अगं, रांगोळ्या काढायला पदवी कशाला लागते?"

सगळे सभासद हसले. तात्यासाहेबांनी अर्ज बाजूला सारला.

त्यांच्या मागे भिंतीवर माजी अध्यक्षांच्या सहा तैलरंगातल्या तसबिरी होत्या. सातवा खिळा ठोकून तयार होता. तिकडे बघत तात्यासाहेब एकदम लाडात आले. "बरं, माझी मुदत संपत आलीय. माझं चित्र तेवढं काढून दे. पैशांचं काय बोलायचं? घरचंच काम. तुझा हातही बसेल."

"बरी आठवण केलीत," उर्मिला म्हणाली आणि चिटणीसांकडे वळली. "काका, आता भरा तो रकाना. उत्पन्न शून्य. कारण, अध्यक्ष चित्र फुकट मागतात. इतिवृत्तातही घ्या. वार्षिक सभेत सगळ्यांसमोर वाचायचं असतं ना?"

चिटणीसांनी खरंच पेन उघडलं.

"थांबा हो!" तात्यासाहेब ओरडले. "मंजूर लिहा, मंजूर!"

उर्मिला शिकायला गेली. सातवा खिळा अजून रिकामाच आहे. तात्यासाहेब सांगत फिरतात, हल्लीचे चित्रकार फार पैसे मागतात.