न्यायमूर्ती बसले

"पण सोडायचं कधी, आक्का?"

गोदाक्का मठाच्या अंगणात वाल सोलत होत्या. रोजच्यासारखीच सकाळ होती. फक्त पेपरात बातमी होती, की न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय वाढवायचं घाटतंय. ती वाचून न्यायमूर्ती तेरदाळकर थेट मठात आले होते. तरुणपणापासून अडलं की ते इथेच येत.

"उभा का? बस."

मागे दोन पावलांवर एक स्टूल होतं. न्यायमूर्तींनी समोर किंचित मान लववली आणि ते बसले.

जमिनीवर.

कोर्टात ते बसायला वाकले की चोपदार मागून खुर्ची सरकवतो. मठात चोपदार नव्हता.

आक्कांनी वालावरून नजर काढली नाही. "किती वर्षं असा मागे न बघता बसतोयस?"

"बरीच."

"कधी पडला नाहीस?"

"चोपदार असतो ना."

"तो कधी निवृत्त होतोय?"

न्यायमूर्ती विचार करू लागले… त्यांना ठाऊक नव्हतं.

"ते असू दे," ते जमिनीवरूनच म्हणाले. "पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. वय वाढून मुदतवाढ मिळाली तर पेन्शन वाढेल. त्याआधीच राजीनामा देऊन मोकळं व्हायचं मनात होतं, पण आता तो दिला तर नुकसान."

"आत्ता मिळेल त्यात भागेल?"

"आरामात."

"मग नुकसान कुणाचं?"

"न्यायाचं. अनुभवी माणसं अशी निघून गेली तर कसं व्हायचं?"

आक्का सोलत राहिल्या.

"आता हेच बघा. एका म्हातारीच्या घराच्या वाटेचा दावा आहे. सुनावणी संपली, निकाल मी राखून ठेवलाय. तो न देता गेलो, तर सगळं पहिल्यापासून दुसऱ्या न्यायाधीशापुढे. मुदतवाढ मिळाली, तर सावकाश देता येईल."

"ती काय म्हणते?"

"काही नाही. मागच्या बाकावर बसते. आधी नवराही यायचा. आता एकटीच येते."

आक्कांचे हात थांबले.

"निकाल लिहायला किती वेळ लागेल?"

"एक दुपार."

आक्कांनी सोललेले वाल बाजूला सारले.

न्यायमूर्तींनी घसा साफ केला. "तर मग आक्का, मी थांबू की जाऊ?"

"आधी ऊठ," आक्का म्हणाल्या. "म्हातारीचा निकाल लिहायचा राहिलाय."