तांबटाचा ठेका

त्या राज्यात गेली दोन वर्षे एकही खेळ पडला नव्हता.

खेळ होत ते डोंगराच्या पोटातल्या गुहेत. गुहेच्या माथ्याला एक भोक होते. त्यातून ऊन आत उतरे आणि समोरच्या गुळगुळीत भिंतीवर पडे. उन्हाच्या वाटेत कोणी उभे राहिले की त्याची सावली भिंतीवर हत्तीएवढी होई. प्राणी-पक्षी दाटीवाटीने बसून त्या सावल्या पाहत, त्यांच्याबरोबर हसत-रडत, आणि खेळातली गाणी तोंडात घोळवत घरी जात. भर दुपारी भिंत लखलखे. ती वेळ मोराच्या मंडळीची. सकाळचे तिरपे ऊन भिंतीच्या तळाशी, एका कोपऱ्यात कसेबसे पडे. ती वेळ मागेल त्याला मिळे, आणि सहसा कोणी मागत नसे.

पहिल्या रांगेत एक तांबट पक्षी बसत असे. मूठभर अंगाचा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. त्याला गाता येत नव्हते, सावली पाडावी एवढा देहही नव्हता. पण खेळांचे आणि गाण्यांचे त्याला वेड होते. कोणत्या खेळात कोणती सावली कुठे वळली, कोणते गाणे आधी कोण गायले होते, हे त्याला पाठ असे. एखादी जागा मनाला भिडली की त्याच्या गळ्यातून ठेका निघे. टुक्, टुक्, टुक्. तो ठरवून देत नसे; उचकी लागावी तसा तो येई. आणि तो येई तेव्हा ती जागा खरोखरच तशी असे. म्हणून शेजारचे ससे पाय आपटू लागत, मग वानरे टाळ्या पिटत, मग सगळी गुहा घुमे. पुढे पुढे तर मंडळी भिंतीकडे पाहण्याआधी तांबटाकडे पाहू लागली.

मोराचा एक कारभारी होता, कोतवाल पक्षी. काळाकुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा. तो एके दिवशी तांबटाच्या उंबरावर आला.

"तांबटराव, काल आमच्या खेळात वाघ मेला तेव्हा तुमचा ठेका जरा उशिरा आला. मंडळी खोळंबली होती."

"ठेका माझ्या हातात नाही हो. येतो तेव्हा येतो."

"ते खरंच. पण मोरसाहेबांना वाईट वाटलं. रात्रंदिवस खपतात बिचारे."

तांबट भिडस्त होता. पुढच्या खेळात वाघाने छाती पुढे काढली तेव्हा त्याने गळ्याला थोडासा धक्का दिला. टुक्. कोणाला काही कळले नाही. गुहा घुमली. त्यानंतर तो अधूनमधून धक्का देऊ लागला, आणि मग प्रत्येक वेळी. गाणी त्या सुमारास आखूड झाली होती. पोपट पहिल्या दोनच ओळी शिकत, कारण तिसरी येईपर्यंत ऐकणारा दुसऱ्या फांदीवर गेलेला असे. वाघ सातव्या खेळात पुन्हा एकदा मेला होता, तो आठव्यात मागच्या दाराने परत आला. एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहिलेली पाच वानरे म्हणजे तो वाघ. आता त्याची सावली भिंतीत मावत नव्हती. तांबट सगळ्यालाच ठेका देत होता.

एका दुपारी घरी परतताना त्याच्या लक्षात आले की आपोआप आलेला शेवटचा ठेका कधीचा, हे त्याला आठवत नाही.

त्याचा जुना सोबती ससा बरोबर होता. दोघांनी लहानपणापासून एकाच दगडावर बसून खेळ पाहिले होते.

"अरे, वय झालं आपलं," ससा म्हणाला. "हल्लीची गाणी आपल्यासाठी नाहीतच. आपल्या वेळचं ते नदीचं गाणं आठव. काय होतं ते!"

"म्हण बरं."

सशाने डोळे मिटले आणि ते गाणे सगळे, तिसऱ्या-चौथ्या ओळीसकट म्हटले. म्हणताना त्याचे कान थरथरत होते. तांबट गळा मोकळा करून, मान ताठ करून थांबला. गाणे संपले. आत काहीच हलले नव्हते.

तांबट घाबरला. नवी गाणी वाईट असतील, तर असोत. पण याच गाण्यावर तो एकदा सबंध दिवस ठेका देत राहिला होता. गळा सुजला होता. म्हणजे बिघडले होते ते त्याच्या आत. "छान," तो सशाला म्हणाला आणि गळ्याला धक्का दिला. टुक्. ससा खूश झाला. ते पाहून तांबटाला अधिकच वाईट वाटले.

आठव्या खेळाच्या मोठ्या दिवशी गुहेत मुंगीला जागा नव्हती. शेवटी वाघ कड्यावरून दरीत झेपावला आणि अधांतरी थांबला. सगळ्या माना तांबटाकडे वळल्या. त्याने धक्का दिला. आवाज आला नाही. पुन्हा दिला. चोच उघडी राहिली आणि त्यातून नुसता वारा बाहेर पडला.

गुहा गप्प. उन्हाच्या वाटेत उभ्या वानरांचे पाय लटपटू लागले. वाघ आधी कमरेत वाकला, मग त्याचे पाच तुकडे झाले. कोणीतरी खोकले. मंडळी एकमेकांची नजर चुकवत बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत कोतवालाने रानभर सांगितले की तांबट फुटला. दुसऱ्या दिवसापासून त्या पाचांपैकी तीन वानरे उंबरावर येऊन फांद्या गदगदा हलवू लागली. "कितीला विकलास रे ठेका?" ती ओरडत. त्याने विकला नव्हता, हरवला होता. पण हे कोणाला सांगणार? चौथ्या दिवशी पहाट फुटताच तो ढोलीतून निसटला. सकाळी गुहेत कोणी नसते, निदान शांत बसता येईल, असा त्याने विचार केला.

गुहेत एक टिटवी होती.

ती नदीपात्रातल्या गोट्यांमधून आली होती आणि तिने सकाळची वेळ मागितली होती. टिटवी ओरडली की अशुभ, असे त्या राज्यात लहान पिलालाही ठाऊक होते. तरी वेळ रिकामीच होती म्हणून कोतवालाने तिला तीन सकाळी दिल्या होत्या. ही तिसरी. समोर एक बेडूक आणि दोन मुंगूस, एवढीच मंडळी. तांबट मागच्या अंधारात एका कपारीत बसला. पाहायचे त्याच्या मनात नव्हते. पण भिंतीवर सावली हलत असली की डोळा तिकडे जातोच.

खेळ साधा होता; पाने-काड्यांच्या आकृत्या करून टिटवी एकटीच तो करत होती. एका टिटवीची अंडी उघड्या वाळूत आहेत. रोज कोल्हा येतो. रोज टिटवी पंख मोडल्याचे सोंग करते, लंगडत, फरफटत त्याला दूर नेते आणि मग उडून परत येते. असे बरेच दिवस चालते. मग एके दिवशी कोल्हा येत नाही. तरी टिटवीचा पंख उघडत नाही. सोंग अंगात राहून गेलेले असते.

तांबट कपारीत पुढे सरकला.

अंडी फुटतात. चार पिले बाहेर येतात, आईकडे बघतात आणि तिच्या मागून चालू लागतात, चारही एकेक पंख जमिनीवरून फरफटत. त्यांना वाटते, चालायचे ते असेच. सर्वांत धाकट्याला ते जमत नाही. ते पडते, उठते, आणि पुन्हा नेटाने लंगडू लागते. मुंगूस खो खो हसले. तांबटही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. सावलीतली आई मागे वळून ती रांग पाहते. बराच वेळ पाहते. मग ओरडते. ते गाणे होते म्हणावे तर त्याला धड ओळी नव्हत्या. टिटवीचा तोच कर्कश, चिरत जाणारा आवाज. तो गुहेच्या छतापर्यंत चढत गेला, आणि त्याबरोबर भिंतीच्या त्या अपुऱ्या उजेडात मिटलेला पंख एकेक पीस करून उघडत गेला.

टुक्.

तांबट दचकला. हा आवाज कोठून आला, म्हणून त्याने आजूबाजूला पाहिले. टुक्, टुक्, टुक्. गळ्याची लाल कातडी आपली आपण धडधडत होती.

टिटवी थांबली. "कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही. थांबू नका, बाई, थांबू नका!"

खेळ संपल्यावर तो तिच्यापाशी गेला. खूप दिवसांच्या तापातून उठून पहिल्यांदा भूक लागावी, तसे त्याला वाटत होते.

"माझा आवाज अशुभ आहे म्हणतात," टिटवी म्हणाली.

"आहेच. माझ्या पोटात खड्डा पडला. आणि ऐका, मधला भाग लांबलाय. कोल्हा सात वेळा कशाला हवा? तीनदा पुरे. त्याची सावलीही कोल्ह्यासारखी दिसत नाही, कुत्र्यासारखी दिसते."

हे बोलून झाल्यावर तोच चपापला. दोन वर्षांत त्याने कोणत्याही खेळाला नाव ठेवले नव्हते. टिटवीने मात्र मान तिरकी करून विचारले, "कान लहान आहेत म्हणून का?"

"कानच! तुम्हालाही वाटलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण सांगणारं कोणी नव्हतं." मग ती म्हणाली, "आता सुधारून तरी काय करू? माझ्या तीन सकाळी झाल्या."

तांबट तिथून थेट मोराकडे गेला. वाटेत कोतवालाने अडवले, पण आतून मोराचाच आवाज आला, "येऊ दे त्याला."

मोर पिसारा मिटून बसला होता. जवळून पाहिल्यावर तो थकलेला दिसला.

"मी तुझीच वाट पाहत होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी ठेका का दिला नाहीस?"

"आला नाही, साहेब."

"वाईट होता का खेळ?"

तांबटाने एकदा दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "वाघ पाचव्या खेळात पहिल्यांदा मेला तेव्हा मी रडलो होतो. त्यानंतर तो जगतो की मरतो, मला काही वाटलं नाही. तरी ठेका देत राहिलो. चूक माझी."

तांबटाला वाटले, आता पंखाचा तडाखा बसणार. पण मोराने एवढा लांब श्वास सोडला की जमिनीवरची वाळकी पाने उडाली.

"पाचवाच," तो म्हणाला. "मलाही तोच चांगला वाटला होता. त्यापुढचे मी घाबरून केले. दर वेळी वाटायचं, हा पडेल, मग सुटेन. आणि दर वेळी तुझा टुक् यायचा."

मग तांबटाने टिटवीची गोष्ट काढली, आणि मोराने कोतवालाला हाक मारून तिला चौथी सकाळ द्यायला सांगितले. "दुपार देऊ नका," तांबट घाईने म्हणाला. "तिच्या सावलीला तिरपंच ऊन लागतं."

चौथ्या सकाळी मोर स्वतः गुहेत शिरताना दिसला, म्हणून त्याच्या मागोमाग अर्धे रान आले. तांबट सशाला ओढत घेऊन आला होता आणि मुद्दाम अगदी मागे बसला होता. तरी खेळ सुरू झाल्यावर कितीतरी माना त्याला शोधत मागे वळल्या. त्याने कोणाकडे पाहिले नाही. कोल्हा तीनदाच आला. या वेळी त्याला चांगले लांब कान होते. पिलांची रांग निघाली तेव्हा ते धाकटे पिलू पुन्हा पडले, आणि या वेळी ते उठेल की नाही याचाच तांबटाला घोर लागला. आपल्याकडे कोणी पाहत आहे हेही तो विसरला.

पहिला आवाज बेडकाचा आला. डराव! मग डावीकडे एका हरणीने हुंदका दिला. दोन वानरे उठून निघून गेली; तिसरे जागेवरच बसून राहिले आणि भलत्याच ठिकाणी टाळी वाजवून ओशाळले. कोणी हसले तेव्हा त्याचा शेजारी रडत होता. तांबटाचा ठेका आला तोवर सगळ्यांचे आवाज होऊन गेले होते, आणि त्या गलक्यात तो कोणाला ऐकूही गेला नाही.

बाहेर उन्हात आल्यावर त्याने उत्सुकतेने विचारले, "कसा वाटला?"

"खरं सांगू?" ससा म्हणाला. "मला नाही आवडला."

"नाही आवडला?"

"ते ओरडणं कशाला मध्येच? पंख उघडला, समजलं आम्हाला. गाणं हवं होतं तिथे. नदीच्या गाण्यासारखं."

"अरे, गाणं असतं तर पिलांना ऐकू आलं असतं का? ती हाक आहे, हाक!"

"हाकेला चाल नको?"

"तू शेवटी डोळे मिटले होतेस. मी पाहिलं."

"मिटले नव्हते! धाकटं पिलू आईच्या डाव्या बाजूला होतं. सांग, होतं की नव्हतं?"

"उजव्या!"

"डाव्या!"

तांबट या झुडपावरून त्या झुडपावर उड्या मारत होता, ससा मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय हवेत नाचवत होता, आणि त्यांच्यापुढे-मागे सगळ्या पायवाटेवर मंडळी दोघा-दोघांनी, तिघा-तिघांनी अशीच हुज्जत घालत चालली होती. सशाचे बीळ आले आणि मागे पडले. उंबर आला, तोही मागे पडला. दोघे बोलत बोलत केव्हाच नदीपर्यंत पोचले होते.