अळणी आमटी

"आता तरी मानता ना बुवा, की हा ब्राउझर पुरता माझ्या ताब्यात आहे?"

अवधूतबुवा जेवणाची ताटं मांडत होते. त्यांनी नुसतं "हं" केलं.

श्रीरंगला ते "हं" पुरेना. गडी हुशार, त्यात वाद नाही. ज्याचा कोड साऱ्या जगासाठी उघडा ठेवलेला, असा ब्राउझर त्याने घेतला आणि महिनाभर खपून पार सोलून काढला. जाहिराती बंद. मागावर राहणारं सगळं बंद. नको ती बटणं हद्दपार. आता मठाच्या वाचनालयातल्या संगणकांवर तोच बसवावा आणि तिथला कारभार बुवांनी आपल्या हाती द्यावा, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"त्यातलं सेटिंग कोणाला बदलता येतं?" बुवांनी विचारलं.

"कोणालाच नाही! कुलूप घातलंय. पासवर्ड फक्त माझ्याकडे."

"चंपाकाकू पेपर वाचायला येतात. त्यांना अक्षरं मोठी लागतात."

"होईल सवय. मी सगळं पारखून लावलंय, बुवा. लोकांच्या हातात दिलं की वाट लावतात."

"आणि तुला हा दिला कुणी?"

"दिला कुणी म्हणजे? उघडाच असतो तो. ज्याला हवा त्याने घ्यावा, हवा तसा करावा."

"असं होय..."

बुवांनी आमटी वाढली. या मठात स्वयंपाक अळणीच होतो. मिठाची वाटी मधे ठेवलेली असते, ज्याने त्याने आपापल्या जिभेप्रमाणे घ्यायचं.

श्रीरंगने वाटीकडे हात नेला. तेवढ्यात बुवांनीच ती उचलली, चांगलं मूठभर मीठ त्याच्या आमटीत टाकलं, ढवळलं, आणि वाटी स्वतःच्या मांडीआड ठेवून दिली.

"अहो बुवा, हे काय!"

"पारखून घातलंय. जेव."

श्रीरंगने भुरका मारला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"खारट ढुस्स झालीय!"

"होईल सवय."

श्रीरंग बघतच राहिला. बुवा चेष्टा करतायत म्हणावं, तर चेहऱ्यावर हसू नाही. रागावलेत म्हणावं, तर तेही नाही. निवांत भाकरी मोडत बसलेले. मग हळूहळू त्याचे कान तापले. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

"...कुलूप काढतो, बुवा."

बुवा जेवत राहिले.

"पण लोकांनी खरंच बिघडवून ठेवलं तर?"

बुवांनी त्याची खारट वाटी उचलून बाजूला सारली. दुसरी वाढली. मांडीआडचं मीठ काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"बिघडव की. पातेल्यात अळणी आहे अजून."