पानाची डावी बाजू

नदीकाठच्या एका आश्रमात एकदा सणाची पंगत बसली, आणि पहिला घास घेण्याआधीच भार्गव नावाच्या शिष्याच्या पोटात दुखू लागलं. समोरच्या पाटावर बसला होता त्याचा गुरुबंधू गिरिधर, आणि वृद्ध आचार्य स्वतः वाकून त्याला पुरणपोळीचा आग्रह करत होते.

आचार्यांचं प्रेम गिरिधरावरच अधिक, हा संशय भार्गवाला वर्षभर पोखरत होता. आज तर डोळ्यांदेखत पुरावा मिळाला. गिरिधराच्या पानावर तिसरी पोळी पडली आणि भार्गवाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो ताठ मानेनं म्हणाला, "गुरुजी, मलाही."

आचार्यांनी त्यालाही वाढलं. गिरिधरानं चौथी घेतली, भार्गवानंही घेतली. मग पाचवी, सहावी, सातवी. हात आपल्या पानावर आणि डोळे समोरच्या, असं त्याचं जेवण चाललं होतं. आठव्या पोळीला गिरिधरानं दोन्ही हात पानावर आडवे धरले. भार्गवानं ती आठवी घेतलीच, वर नववीही मागितली, आणि तिच्या दुसऱ्या घासाला त्याला दरदरून घाम फुटला.

पंगत उठली. भार्गवाला मात्र उठवेना. तेव्हा आचार्य त्याच्यासमोर पाटावर येऊन बसले.

"भार्गवा, तुझ्या पानाच्या डाव्या बाजूला काय वाढलं होतं?"

भार्गवानं खाली पाहिलं. डावी बाजू पुसून काढल्यासारखी स्वच्छ होती. "कोशिंबीर असेल," तो म्हणाला.

आचार्य हसले नाहीत. "ऐक. विधात्यानं माणूस घडवला आणि त्याच्या पाठोपाठ पृथ्वीवर भूक धाडली. माणसं खात सुटली. थांबावं कुठे, हे कुणालाच कळेना. तेव्हा त्यानं भुकेची धाकटी बहीण धाडली, तृप्ती. ती प्रत्येकाच्या पानाशी येऊन बसते आणि वेळ झाली की उठून जाते. ती उठली की आपण हात आवरायचा, एवढाच नियम. पण ती मोठी लाजाळू, तिची पावलं वाजत नाहीत. एका राजाला दुसऱ्यांची ताटं न्याहाळायचा नाद होता. तृप्ती कधी आली, कधी गेली, त्याला समजलंच नाही. तिची वाट पाहत तो खातच राहिला. कोठारं रिकामी झाली, प्रजा उपाशी राहिली, आणि अखेर ताटावरच प्राण सोडताना तो म्हणाला, 'अजून वाढा.'"

"मग गिरिधराला एवढा आग्रह का?" भार्गवाच्या तोंडून निघालंच. मत्सर काही इतक्या लवकर जात नाही.

"चार दिवस तो रानात कंदमुळांवर राहून आश्रमासाठी सरपण तोडत होता. त्याला भूक होती, म्हणून वाढलं." आचार्यांनी पानाच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं. "काल तुझ्या गावचा माणूस आला होता. तुझ्या आईनं आंबेहळदीचं लोणचं पाठवलं. आता त्या माउलीचे हात थरथरतात, म्हणून जेमतेम चमचाभरच झालं. साऱ्या पंगतीत ते एकाच पानावर पडलं. मी माझ्या हातानं वाढलं, सगळ्यांच्या आधी."

भार्गवानं जीभ टाळूवर फिरवली. पुरणाच्या गोडाखेरीज काहीच लागेना.

"थोडं उरलंय का, गुरुजी?"

"नाही रे."

त्यानं बोटं नाकाशी नेली. तिथे आंबेहळदीचा पुसट वास होता. उष्टा हात वाळेपर्यंत भार्गव तसाच पानावर बसून राहिला.