लाल टाक्यांचा हट्ट

फार पूर्वी, तिकडे लांब पोर्तुगालात, एका खाडीकाठच्या गावात लियानोर नावाची बाई म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. भरतकामात तिचा हात असा, की तिनं भरलेलं डाळिंब बघून पोरांच्या तोंडाला पाणी सुटावं. पण बाई भारी हट्टी. डोळ्यांनी पाहिलं नाही ते भरणार नाही म्हणजे नाही.

त्या वर्षी पीक बुडालं. घरातलं पीठ तळाला गेलं. नेमकी तेव्हाच मोठ्या घरची मालकीण आली. लेकीच्या लग्नासाठी तिला पलंगपोस भरून हवा होता, आणि त्याबद्दल ती दोन पोती पीठ देणार होती.

"मधोमध पेलिकन भर," ती म्हणाली. "चोचीनं छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा."

तिकडे घरोघरी हा पक्षी भरायची रीत होती. येशूनं माणसांसाठी रक्त सांडलं, त्याची ती खूण.

लियानोर म्हणाली, "पेलिकन मी रोज खाडीवर बघते. चोचीखालच्या झोळीत मासे धरतो आणि पिल्लांना तेच चारतो. रक्तबिक्त काही पाजत नाही. पक्षी भरते, पण ते लाल टाके मी घालायची नाही."

"रविवारपर्यंत विचार कर. नाहीतर दुसरीकडे देते," म्हणून मालकीण निघून गेली.

लियानोरनं आईला हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. आई म्हणाली, "बरोबर आहे गं तुझं. ये, जेवून घे."

"आणि तू?"

"मी मघाशीच जेवले."

चार दिवस असंच चाललं. शनिवारी दुपारी लियानोर बाहेरून जरा लवकर परतली. आई चुलीपाशी बसून भांड्याच्या तळाचं खरवडून वाडग्यात काढत होती, लेकीसाठी. स्वतः नुसतं गरम पाणी पीत होती. हातांच्या पार काड्या झाल्या होत्या.

लियानोरनं विचारलं, "आई, किती दिवस झाले जेवून?"

"या वयात भूक कुठं लागते मला," आई म्हणाली. तेही खोटंच होतं.

लियानोरला स्वतःची फार लाज वाटली. खरेपणाचा तोरा तिनं मिरवला आणि उपास काढले आईनं. तिनं वाडगं आईच्या हातात दिलं, ते संपेपर्यंत जागची हलली नाही, आणि मग तडक मोठं घर गाठलं.

"द्या ते कापड. लाल रेशीमही द्या."

"का गं? दिसलं वाटतं रक्त पाजणारं पाखरू?" मालकिणीनं चिडवलं.

"पाखरू नाही दिसलं. माझी आई दिसली," लियानोर म्हणाली. "पीठ जरा आधी मिळेल का? ती चार दिवसांची उपाशी आहे."

मालकिणीचं हसू मावळलं. तिनं लगेच गड्याच्या पाठीवर एक पोतं देऊन लियानोरबरोबर धाडलं.

त्या दिवशी मायलेकी एकाच वेळी जेवायला बसल्या. आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि लियानोर आपला घास हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली.

तात्पर्य काय, तर खऱ्याचा आग्रह जरूर धरावा. पण त्यापायी घरात दुसरंच कुणी उपाशी राहत नाही ना, ते आधी बघावं.