जुन्या पत्त्यावर कोण आहे?

“सर्व्हर चालू आहे, मास्तर. एकही दिवा लाल नाही. मग कोणी बोलत का नाही?”

तारमास्तर चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो डोळ्यांवर न घालता खिशात ठेवला.

“कोण बोलत नाही?”

“सगळेच. सदतीसही दवाखाने. काल संध्याकाळपासून एकही नाही.”

“तू बोललास त्यांच्याशी?”

“दहा वेळा नियम पाठवला. सर्व्हर म्हणतो, लागू झाला.”

“कितींना?”

ऋतुराजने पडद्याकडे पाहिलं.

“...शून्य.”

मी त्याच खोलीत बॅटऱ्यांमध्ये पाणी घालत बसलो होतो, म्हणून हे मला ठाऊक. मी आश्रमाचा वायरमन. वायरमनसमोर लोक मोकळेपणाने बोलतात, भिंतीसमोर बोलावं तसं.

आमचा आश्रम टेकडीवर आहे. मूळ महाराज खांद्याला औषधाची झोळी लावून खालच्या खोऱ्यात फिरायचे. झोळी गेली, सदतीस दवाखाने आले आणि प्रत्येक दवाखान्यात एक कॉम्प्युटर आला. कुठल्या कॉम्प्युटरने काय उघडायचं आणि काय नाही, याचे नियम एका सर्व्हरवरून जातात. तो सर्व्हर धान्याच्या जुन्या कोठीत ठेवलाय. धान्य होतं तेव्हा निदान उंदीर तरी यायचे.

तारमास्तर म्हणजे केशव धुमाळ. तारखातं बंद पडल्यावर इथे आले आणि साठीनंतर कॉम्प्युटर शिकले. ऋतुराज सबनीस पुण्याहून आलेला, दीड वर्षापासून त्यांच्या हाताखाली. पोरगा हुशार. इतका, की प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा आणि मग प्रश्न ऐकायचा.

महिनाअखेरीला तो सिंगापूरला नोकरीवर जाणार होता. जाण्याआधी त्याला इथलं सगळं नीट लावून ठेवायचं होतं. सॉफ्टवेअर बसवताना त्याने घाईघाईत सर्व्हरचा एक कच्चा पत्ता टाकला होता. तो काढून पक्का घालायचा, एवढंच काम. सोमवारी संध्याकाळी त्याने आधी सगळ्या दवाखान्यांना नियम धाडला: काम होईपर्यंत बाहेरचं सगळं बंद. मग सेटिंगमध्ये पत्ता बदलला, सर्व्हर बंद करून चालू केला आणि बंदी उठवली.

बंदी उठली ती या कोठीत. खोऱ्यात कोणाला पत्ताच नाही.

“दवाखान्यातला कॉम्प्युटर दिवसभर काय करतो?” मास्तरांनी विचारलं.

“दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरला विचारतो, नवा नियम काय.”

“कुठे जाऊन विचारतो?”

“सर्व्हरच्या पत्त्यावर.”

“कुठल्या?”

“...बसवताना दिलेल्या.”

“तिथे आता कोण आहे?”

“कोणी नाही. तो पत्ता मी काढून टाकला.”

“हे त्यांना कोणी सांगितलं?”

मी दुसऱ्या बॅटरीचं बूच उघडलं.

“आणि उत्तर नाही मिळालं, तर काय करतो?”

“शेवटचा मिळालेला नियम पाळत राहतो.”

“किती दिवस?”

“कितीही.”

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढली आणि कीबोर्डशेजारी ठेवली. सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने आणून दिलेली. सावरघाटच्या सिस्टरची. सावरघाटला फोनची रेंज नाही.

ऋतुराजने ती मोठ्याने वाचली. त्याला बहुधा वाटलं होतं तक्रार असेल.

“‘सर, काल संध्याकाळपासून बाहेरचं सगळं बंद दाखवते आहे. आम्ही कशालाही हात लावलेला नाही. एका पेशंटच्या छातीचा कागद (ईसीजी) मोठ्या डॉक्टरांना पाठवायचा राहिला आहे. पेशंटला बसवून ठेवले आहे. आमचे काही चुकले असल्यास कळवावे.’”

चिठ्ठी वाचून तो खाली बसला.

मग लगेच उठला. हुशार माणसाला बसवत नाही.

“सगळ्या सिस्टरना निरोप देतो. तिथल्या तिथे नवा पत्ता टाका म्हणतो. दोन मिनिटांचं काम.”

“त्यांना टाकता येईल?”

“का नाही? सेटिंगमध्ये...” तो अडखळला.

“दवाखान्यातल्यांनी सेटिंगला हात लावायचा नाही, हा नियम कोणी घातला?”

“...मीच.”

“ते पाळतायत.”

मास्तर असं बोलले की मला चीड येते. सरळ सांगितलं तर काय तोंडाला फोड येतो? ‘जुना पत्ता परत घाल’, एवढंच म्हणायचं होतं. एकदा मीच म्हणणार होतो. पण माझ्या हातात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन होता आणि कॅनवाल्याला कोण विचारतं.

शेवटी ऋतुराजच त्या मुद्द्यावर आला.

“जुना पत्ता परत घालू म्हणताय का? म्हणजे मागे जायचं? मास्तर, तो पत्ता चुकीचा होता. कच्चा होता. मी लाजेने बदलला. हा नवा बरोबर आहे. तुम्ही स्वतः तपासा.”

“तपासला. बरोबर आहे.”

“मग?”

“एकटा आहे.”

पडद्यावर हिरवे दिवे लागले होते. पंखा घरघरत होता. एवढं मोठं यंत्र, सगळं ठाकठीक, आणि त्याला काही विचारायला कोणी येत नव्हतं. मला वाईट वाटलं. यंत्राचं की पोराचं, ते नीट सांगता येणार नाही. तोही दीड वर्षं या टेकडीवर तसाच राहत होता. जेवणाची थाळी खोलीत नेऊन जेवायचा. फोन कायम उताणा, डोळ्यांसमोर. तो वाजताना मी बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता.

इतक्यात मागच्या भिंतीवर थापा पडल्या.

“मास्तर, च्या!”

सोनाबाई. तिला आता दिसत नाही. स्वयंपाकघरातून भिंतीला हात लावत लावत येते. कोठीचं जुनं दार त्या अंगाला होतं. एसी बसवला तेव्हा ते बंद करून पुढून नवं पाडलं. जुन्या दाराला आता आतून स्टूल, स्टुलावर जुन्या वायरींचं भेंडोळं आणि वर कडी.

मास्तर उठले. भेंडोळं उचलून खाली ठेवलं, स्टूल सरकवलं, कडी काढली. हे ते रोज करतात. दार कुरकुरलं. सोनाबाईने तीन कप आत दिले.

“बाई, पुढून नवं दार झालंय बरं का,” मास्तर म्हणाले.

“व्हय, काल बी म्हनला हुता,” सोनाबाई म्हणाली आणि भिंत चाचपत गेली.

ऋतुराज वैतागला.

“दीड वर्षं बघतोय मी हे. एकदा नीट समजावून सांगा ना तिला, की या दाराने यायचं नाही.”

“सांगतो की. रोज सांगतो.”

“मग हे दार कशाला उघडता?”

मास्तरांनी कप त्याच्या हातात दिला.

“सांगणार कुठून?”

...

चहा गार होईपर्यंत ऋतुराज त्या उघड्या दाराकडे बघत उभा होता. बाहेर नुसतं ऊन होतं आणि दोरीवर वाळत घातलेलं एक उपरणं. मी दोन बॅटऱ्या भरल्या, तरी तो तसाच.

मग तो बसला. सेटिंग उघडलं. पक्का पत्ता पुसून आपल्या हाताने तो कच्चा, लाजेचा पत्ता परत टाइप केला. प्रत्येक आकडा टाकताना ओठ हलत होते. सर्व्हर बंद करून चालू केला.

शून्य.

“काही नाही,” तो म्हणाला.

“पंधरा मिनिटांचा फेरा आहे ना? थांब.”

आम्ही तिघं थांबलो. थांबायला लागलं की पंधरा मिनिटं किती लांब असतात, ते तेव्हा कळतं.

चौथ्या मिनिटाला पडद्यावर एक ओळ आली. तांबेखिंड दवाखाना. ‘नवा नियम काय?’

“आला!” ऋतुराज ओरडलाच. खुर्ची पुढे ओढली. “आता सोडत नाही. आधी नवा पत्ता देऊन टाकतो, म्हणजे पुन्हा हरवायचा नाही.”

मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. दीड वर्षात मी त्यांना कोणाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

“रात्रभर दारात उभा आहे तो. आधी बंदी उठव. पत्ता नंतर सांग.”

ऋतुराजने बंदी उठवली. नियम लागू: एक.

मग एकेक येत गेले. कोंडसर. वरची नांदूर. भोकरपाडा. कोणी तक्रार केली नाही, कुठे होतास असं विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न तोच, कालपासून प्रत्येकजण दर पंधरा मिनिटांनी विचारत होता तोच. नवा नियम काय? ऋतुराज प्रत्येकाचं नाव पुटपुटत होता. असं नाव घेताना मी त्याला पूर्वी ऐकलं नव्हतं.

छत्तीस झाले. सावरघाट राहिलं.

पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. ऋतुराजने चिठ्ठी उचलली, ठेवली, परत उचलली.

“त्यांनी नाद सोडला असेल?”

मास्तरांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

“किंवा मशीन बंद केलं असेल कंटाळून...”

मला राहवलं नाही.

“सावरघाटला बारा ते तीन लाईट नसते, साहेब,” मी म्हणालो. “आज मंगळवार.”

तीन वाजून सात मिनिटांनी सावरघाट आलं. बंदी उठली. आणखी पाच मिनिटांनी छातीचा तो कागद सर्व्हरच्या नोंदीतून पुढे मोठ्या डॉक्टरांकडे गेलेला दिसला. अर्ध्या तासाने डॉक्टरांचं उत्तर खाली गेलं: घाबरण्यासारखं नाही, गोळ्या चालू ठेवा, घरी सोडा. मी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. ऋतुराजने तोंड धुतलं, टॉवेल शोधला नाही.

सदतीस.

“मला आधी वाटलं, सर्व्हर बिघडला,” तो म्हणाला. “मग वाटलं, दवाखाने बिघडले.”

“हं.”

“कोणीच बिघडलं नव्हतं.”

“हं.”

चिठ्ठी अजून त्याच्या हातात होती. तो तिची घडी घालत होता, उघडत होता. मला वाटलं आता उठेल. पण तो बोलायला लागला, आणि आवाज असा काढला की जसं काही गंमतच सांगतोय.

“या कॉम्प्युटरांचं बरं आहे, मास्तर. यंत्रं. हाक मारली की येतात. माझे बाबा बघा. अकरा महिने झाले, एक फोन नाही. एकुलता एक मुलगा मी. रागावलेत.”

“तसं म्हणाले?”

“नाही.”

“मग कशावरून?”

“पूर्वी दिवसातून चार वेळा करायचे. आई गेल्यावर घरात एकटेच. बार्शीला. जेवलास का, गार पाण्याने आंघोळ करू नकोस, असलं सगळं. तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, वेळेचे पक्के. बरोबर मी मीटिंगमध्ये असलो की फोन. आणि मग एकदम बंद.”

“एकदम?”

“एकदम.”

“त्याच्या आधी शेवटचं तू त्यांना काय सांगितलंस?”

ऋतुराजने उत्तर द्यायला तोंड उघडलं. प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा तो. या वेळी प्रश्न केव्हाच संपला होता.

...

“‘बाबा, मी कामात असतो,’” तो म्हणाला. “‘तुम्ही फोन करत जाऊ नका. मीच करीन.’”

पंखा घरघरत होता. मागचं दार कोणी लावलं नव्हतं, तिथून ऊन आत आलं होतं, थेट वायरींच्या भेंडोळ्यापर्यंत.

“केलास?”

“दिवाळीला. ते म्हणाले, कामात असशील, ठेवतो.” तो थांबला. “मला वाटलं, टोमणा मारतायत.”

मी उगीच, भरलेल्याच बॅटरीचं बूच पुन्हा उघडून बघितलं.

ऋतुराजने चिठ्ठी टेबलावर पसरून ठेवली. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग तो उताणा पडलेला फोन उचलला. बाबांचं नाव काढलं. अंगठा पडद्यावर तसाच राहिला.

“काय सांगू आता, मास्तर? इतक्या महिन्यांनी फोन करून पहिलं काय सांगू... की मी सिंगापूरला चाललोय?”

मास्तरांनी रिकामे कप गोळा केले आणि जुन्या दाराकडे निघाले.

“आधी बंदी उठव. पत्ता नंतर सांग.”